शाकाहारी चायनीजचा शोध : मुंबई ते बिलोली – एक सामाजिक-सांस्कृतिक इतिहास

सारांश

महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत 'चायनीज' हा खाद्यप्रकार आज सर्वपरिचित झाला आहे. शाकाहारी ग्राहकाला मात्र विश्वासार्ह आणि चवदार चायनीज कोठे मिळेल याचा शोध घ्यावा लागतो. वरवर पाहता हा शोध किरकोळ वाटतो. परंतु त्यामागे चिनी स्थलांतरितांचा इतिहास, १९६२ च्या युद्धाचे परिणाम, मुंबईच्या उपाहारगृहांची वाटचाल आणि 'शुद्धता' या संकल्पनेचा सामाजिक इतिहास दडलेला आहे. प्रस्तुत निबंधात मुंबईतील चायनीज खाद्यसंस्कृतीचा उगम, तिचे शाकाहारी रूपांतर आणि नांदेड-लातूर परिसरापर्यंत झालेला तिचा प्रसार यांचा ऐतिहासिक दृष्टीने आढावा घेतला आहे.

बीजसंज्ञा : शाकाहार, चायनीज, स्थलांतर, मंच्युरियन, उडुपी हॉटेल, माळकरी, शुद्धता, मराठवाडा.

१. प्रस्तावना

अन्न ही मानवाची प्राथमिक गरज आहे. मात्र माणूस काय खातो, कोणाच्या हातचे खातो आणि कोणासोबत बसून खातो, हे प्रश्न केवळ पोषणाचे नसून समाजरचनेचे आहेत. म्हणूनच राजकीय इतिहासाच्या जोडीला खाद्यपदार्थांचा इतिहास ही अभ्यासाची स्वतंत्र शाखा म्हणून पुढे आली आहे. राजवटी बदलतात त्यांची नोंद दफ्तरात राहते. स्वयंपाकघरात झालेले बदल मात्र बहुधा नोंदीविनाच समाजाच्या अंगवळणी पडतात.

बिलोली हा नांदेड जिल्ह्याचा तेलंगणाच्या सीमेवरील तालुका. मांजरा नदीपलीकडे बोधन, त्यापुढे निजामाबाद. मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषा येथील बाजारात सहज कानावर पडतात. मराठवाड्यातील इतर तालुक्यांप्रमाणेच येथील खाद्यजीवनाचा पाया ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पिठले आणि मिरचीचा ठेचा यांवर उभा आहे. अशा प्रदेशातही सायंकाळी लाल अक्षरांत 'चायनीज' लिहिलेल्या गाड्यांभोवती तरुणांची गर्दी दिसते. या गाड्यांवर आणि हॉटेलांच्या पाट्यांवर 'शुद्ध शाकाहारी' किंवा 'प्युअर व्हेज' हे शब्द अनेकदा ठळकपणे लिहिलेले असतात. चीनच्या नावाने ओळखला जाणारा पदार्थ आणि भारतीय शुद्धतेची ग्वाही देणारे शब्द एकाच पाटीवर कसे आले, हा इतिहासाच्या अभ्यासकापुढील महत्त्वाचा प्रश्न आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) चीनमधील शाकाहारी परंपरेचा थोडक्यात परिचय करून घेणे.
२) भारतातील, विशेषतः मुंबईतील, चिनी समाजाच्या आगमनाचा व त्यांच्या उपाहारगृहांचा आढावा घेणे.
३) चायनीज पदार्थांचे शाकाहारी रूपांतर कोणत्या कारणांनी झाले हे तपासणे.
४) चांगले शाकाहारी चायनीज शोधताना ग्राहकापुढे उभे राहणारे प्रश्न स्पष्ट करणे.
५) नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात या बदलाचा सामाजिक अर्थ समजून घेणे.

३. गृहीतक, अभ्यासपद्धती व व्याप्ती

'महाराष्ट्रातील शाकाहारी चायनीज हा चिनी पदार्थांचा बिघडलेला नमुना नसून दोन समाजांच्या गरजांतून घडलेला स्वतंत्र खाद्यप्रकार आहे', हे या निबंधाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रामुख्याने दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. हॉटेलांची गुणानुक्रमे यादी देणे हा निबंधाचा हेतू नाही. शोधाची गरज का निर्माण झाली, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

४. चीनची शाकाहारी परंपरा

चिनी आहार म्हणजे केवळ मांसाहार, असा एक सर्वसाधारण समज आपल्याकडे आढळतो. इतिहास त्यास दुजोरा देत नाही. सहाव्या शतकाच्या आरंभी लिआंग घराण्याचा सम्राट वू (कारकीर्द इ.स. ५०२ ते ५४९) याने बौद्ध भिक्षूंसाठी मद्य आणि मांस वर्ज्य करण्याचा आग्रह धरला. त्यानंतर चिनी बौद्ध विहारांची पाकशाळा शाकाहारी राहिली. सोया दाण्यापासून केलेला टोफू, गव्हाच्या पिठातील चिकट अंश धुऊन काढून केलेले पदार्थ, अळंबी आणि बांबूचे कोंब यांच्या आधारे तेथे एक समृद्ध शाकाहारी पाककला विकसित झाली. सोंग राजवटीच्या काळात काइफेंग आणि हांगझोऊ या राजधान्यांमध्ये शाकाहारी भोजनगृहे चालत असल्याच्या नोंदी तत्कालीन नगरवर्णनांत आढळतात. आधुनिक काळात शांघाय येथे १९२२ साली 'गोंगदेलिन' हे प्रसिद्ध शाकाहारी उपाहारगृह सुरू झाले.

येथे एक साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. चिनी बौद्ध विहारांत मांसाबरोबरच कांदा, लसूण आणि त्या वर्गातील उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य मानल्या जातात. मुंबईतील हॉटेलांत 'जैन नूडल्स' मागणारा ग्राहकही कांदा-लसूण वगळण्याचीच अट घालतो. म्हणजेच कांदा-लसणाविना चिनी पदार्थ ही भारतीय ग्राहकाने लादलेली विचित्र मागणी नसून चीनच्या धार्मिक पाकपरंपरेत तिला दीर्घ पूर्वपरंपरा आहे. मात्र मुंबईत आलेले चिनी हे विहारातील आचारी नव्हते. ते खलाशी, कारागीर आणि लहान व्यावसायिक होते. त्यामुळे त्यांच्यासोबत चीनची शाकाहारी परंपरा आली नाही. ती येथे नव्याने घडवावी लागली.

५. चिनी समाजाचे भारतातील आगमन

भारतातील चिनी वसाहतीचा आरंभ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालमध्ये झाला. टोंग अच्यू या चिनी व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जच्या काळात कोलकात्याजवळ बजबजलगत जमीन मिळाली आणि त्याने तेथे साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून ते गाव आजही अचिपूर म्हणून ओळखले जाते. पुढे कोलकात्याच्या टिरेटा बाजारात आणि टांगरा भागात चिनी वस्ती वाढली. टांगरा येथे हक्का समाजाने कातडी कमावण्याचा व्यवसाय उभारला. 'हक्का' या शब्दाचा मूळ अर्थ 'पाहुणी कुटुंबे' असा आहे. आपल्या गाड्यांवरील 'हक्का नूडल्स' या नावात या स्थलांतरित समाजाची ओळख टिकून आहे, याची जाणीव खाणाऱ्याला क्वचितच असते.

मुंबईचा चीनशी संबंध व्यापारातून आला. जमशेटजी जीजीभॉय (१७८३-१८५९) यांच्यासारख्या पारशी व्यापाऱ्यांनी कापूस आणि अफूच्या व्यापारानिमित्त कँटनशी घनिष्ठ संबंध जोडले. गोदीच्या परिसरात चिनी खलाशी आणि कारागीर स्थिरावले. माझगाव येथे १९१९ साली स्थापन झालेले 'सी यिप कून' हे चिनी मंदिर या वस्तीची आठवण आजही जपून आहे. रणवीर ग्वान गुंग याचे पूजन तेथे केले जाते. कामाठीपुऱ्यालगतच्या शुक्लाजी स्ट्रीट परिसरातही एकेकाळी चिनी कुटुंबांची वस्ती होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण मुंबईत 'नानकिंग', 'कामलिंग' यांसारखी चिनी उपाहारगृहे नावारूपाला आली. त्यांचा ग्राहकवर्ग युरोपीय, पारशी आणि उच्चभ्रू भारतीय असा मर्यादित होता. गिरणगावातील खानावळीत जेवणारा कामगार किंवा माटुंग्याच्या भोजनालयात केळीच्या पानावर जेवणारा कारकून तेथे जात नसे.

६. १९६२ चे युद्ध आणि त्याचे परिणाम

१९६२ च्या भारत-चीन युद्धाने या समाजाचे जीवन उद्ध्वस्त केले. प्रामुख्याने आसाम आणि बंगालमधील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत स्त्रिया, वृद्ध आणि मुलेही होती. यांपैकी अनेकांचा जन्म भारतातच झालेला होता. काहींची सुटका होण्यास १९६७ पर्यंत वाट पाहावी लागली. छावणीबाहेर राहिलेल्यांवरही हालचालींचे निर्बंध आले. पुढील दशकांत असंख्य कुटुंबांनी कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांचा मार्ग धरला. मुंबईतील चिनी वस्तीही झपाट्याने रोडावली.

जे मागे राहिले त्यांच्यापुढे उपजीविकेचे मोजकेच पर्याय होते. उपाहारगृह, केशभूषा, दंतवैद्यक आणि पादत्राणे हे त्यांपैकी प्रमुख. कोलकात्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने चर्मोद्योग शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिल्यानंतर टांगरा येथील अनेक कुटुंबे खाद्यव्यवसायाकडे अधिकच वळली. येथे इतिहासातील एक विसंगती स्पष्ट दिसते. ज्या काळात चिनी माणूस संशयास्पद ठरला, त्यानंतरच्या तीन दशकांत चिनी नावाचे पदार्थ भारतीयांच्या सर्वाधिक आवडीचे झाले. पदार्थाला नागरिकत्व मिळाले. ते करणाऱ्यांपैकी अनेकांना मात्र देश सोडावा लागला.

७. मंच्युरियनची निर्मिती व शाकाहारी रूपांतर

मुंबईच्या चायनीज इतिहासात १९७० चे दशक निर्णायक ठरते. १९७३ साली ताजमहाल हॉटेलात 'गोल्डन ड्रॅगन' हे सिचुआन पद्धतीचे उपाहारगृह सुरू झाले आणि झणझणीत चिनी चवीची ओळख मुंबईला झाली. 'सिचुआन' या प्रांतनामाचेच पुढे आपल्याकडे 'शेजवान' झाले. त्यानंतर १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी चिकन मंच्युरियन हा पदार्थ तयार केला. वांग यांनी स्वतः सांगितल्यानुसार त्यांनी आले, लसूण आणि हिरवी मिरची या भारतीय फोडणीपासून आरंभ केला आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालून मक्याच्या पिठाने रस दाट केला. मंच्युरिया हा चीनच्या ईशान्येकडील प्रदेश आहे; परंतु या पदार्थाचा त्या प्रदेशाशी नावापलीकडे संबंध नाही. पुढे वांग यांनी 'चायना गार्डन' हे स्वतःचे उपाहारगृह मुंबईत सुरू केले.

या पदार्थाची रचना शाकाहारी रूपांतरास अत्यंत अनुकूल होती. तळलेला गोळा आणि आले-लसूण-मिरचीचा दाट रस, ही त्याची मूळ चौकट. भज्यांची आणि कोफ्त्यांची सवय असलेल्या भारतीय स्वयंपाकघराला कोंबडीच्या जागी कोबी, गाजर किंवा फुलकोबी घालणे अवघड नव्हते. फुलकोबीही मूळची येथील नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती भारतात रुजविली. मिरची पोर्तुगीजांच्या मार्गाने अमेरिका खंडातून आली. अशा प्रकारे 'व्हेज मंच्युरियन' आणि 'गोबी मंच्युरियन' या पदार्थांत अमेरिका, युरोप, चीन आणि भारत यांचा संगम झालेला दिसतो.

हा पदार्थ सामान्य माणसापर्यंत पोहोचविण्याचे श्रेय प्रामुख्याने उडुपी हॉटेलांकडे जाते. माटुंगा येथे १९४२ साली ए. रामा नायक यांनी सुरू केलेल्या श्रीकृष्ण बोर्डिंगसारख्या संस्थांनी शाकाहारी, स्वच्छ आणि परवडणाऱ्या जेवणाची परंपरा निर्माण केली होती. पुढे मुंबईतील अनेक उडुपी हॉटेलांनी इडली-डोशाबरोबर पावभाजी, पंजाबी भाज्या आणि १९८० च्या दशकापासून चायनीज पदार्थ सुरू केले. शाकाहारी ग्राहकाचा विश्वास या हॉटेलांनी आधीच संपादन केलेला होता. त्यामुळे अपरिचित पदार्थ परिचित छपराखाली मिळू लागला. याच काळात, म्हणजे १९८३ च्या सुमारास, मॅगी नूडल्स भारतीय बाजारात आल्या आणि शेवयांच्या या नव्या रूपाची सवय घराघरांतील मुलांना लागली. रस्त्यावरील विक्रेत्यांनी तळलेल्या नूडल्समध्ये कोबी, कांदा आणि शेजवान चटणी मिसळून 'चायनीज भेळ' निर्माण केली. मराठवाड्यात मुरमुऱ्यांपासून 'सुशीला' करणाऱ्या हातांना ही कल्पना मुळीच परकी वाटली नाही.

८. 'चांगले' आणि 'शाकाहारी' : शोधाचे दोन निकष

शहरात चांगले शाकाहारी चायनीज शोधणाऱ्या ग्राहकाला दोन निकष एकाच वेळी लावावे लागतात. 'चांगले' हा चवीचा निकष आहे, तर 'शाकाहारी' हा विश्वासाचा. हे दोन्ही निकष नेहमीच एकत्र नांदतात असे नाही.

चवीचा विचार करता चिनी पाककलेचे मर्म तीव्र आचेत आहे. भाजी बारीक व एकसारखी चिरलेली असावी, कढई पुरेशी तापलेली असावी आणि पदार्थ काही क्षणांत परतून उतरवावा, म्हणजे भाजीचा करकरीतपणा टिकतो. मक्याचे पीठ प्रमाणाबाहेर घातल्यास रसाची खळ होते. सोया सॉस अधिक झाल्यास भाजीची मूळ चव लोपते. लाल रंग घातल्याने तिखटपणाचा आभास निर्माण होतो, चव येत नाही. म्हणून जाणकार ग्राहक प्रथम साधा व्हेज फ्राईड राईस मागवितो. ज्या पदार्थात लपविण्यास जागा कमी, तोच आचाऱ्याच्या कौशल्याची खरी परीक्षा असतो.

विश्वासाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. त्याचे तीन घटक सांगता येतील.

अ) द्रवपदार्थ : भाजी शाकाहारी असली तरी रस कशाचा आहे, हे ताटात दिसत नाही. चिनी पद्धतीत कोंबडीच्या हाडांचा अर्क, कालवांपासून केलेला ऑयस्टर सॉस आणि मासळीचा सॉस यांचा वापर होतो. नूडल्समध्ये अंडे असू शकते.

आ) भांडी : एकाच कढईत, एकाच तेलात आणि एकाच झाऱ्याने दोन्ही प्रकारचे पदार्थ होत असतील तर व्रतस्थ ग्राहकाच्या दृष्टीने तो पदार्थ शाकाहारी राहत नाही.

इ) पूरक द्रव्ये : 'आजिनोमोटो' विषयी समाजात बरेच गैरसमज आहेत. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या समुद्रशैवालापासून हे रुचिद्रव्य वेगळे केले आणि १९०९ पासून ते त्या व्यापारी नावाने विकले जाऊ लागले. आज ते मुख्यतः ऊसाची मळी किंवा पिष्टमय पिकांपासून किण्वनाने तयार होते. ते प्राणिजन्य नाही. ग्राहकाची शंका खरे पाहता कृत्रिम रंगांविषयी असावयास हवी.

शासनानेही या विश्वासाला कायद्याचे रूप देण्याचा प्रयत्न केला. २००१ च्या अधिसूचनांनी वेष्टनातील खाद्यपदार्थांवर शाकाहारी-मांसाहारी ओळखचिन्हे सक्तीची झाली. पुढे अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अस्तित्वात आला. परंतु हिरवा ठिपका पाकिटावर असतो, कढईवर नसतो. सॉसच्या बाटलीची हमी कारखाना देतो, ताटातील पदार्थाची हमी मात्र शेवटी आचाऱ्याच्या शब्दावरच अवलंबून राहते.

रंगांच्या प्रश्नावर अलीकडच्या काळात कठोर पावले उचलली गेली. गोव्यात २०२२ साली वास्को येथील दामोदर सप्ताहाच्या जत्रेत आणि २०२४ च्या आरंभी म्हापसा नगरपालिकेच्या हद्दीत गोबी मंच्युरियनच्या विक्रीस प्रतिबंध करण्याची भूमिका घेतली गेली. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक शासनाने गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यास बंदी घातली. येथे दोन धोरणांतील भेद महत्त्वाचा आहे. एका ठिकाणी पदार्थालाच प्रतिबंध, तर दुसऱ्या ठिकाणी घातक घटकाला प्रतिबंध. पहिल्या धोरणाने हातगाडीवाल्याची रोजी जाते. दुसऱ्याने पदार्थ सुधारतो. पथविक्रेता अधिनियम, २०१४ ने विक्रेत्याच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे, हे लक्षात घेता दुसरे धोरण अधिक न्याय्य ठरते.

९. मराठवाड्याचा संदर्भ

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्राचा घटक बनला. त्यामुळे येथील खाद्यसंस्कृतीवर हैदराबादचा प्रभाव स्वाभाविक आहे. सन १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेने नांदेड आणि धर्माबाद ही ठिकाणे सिकंदराबाद व मनमाडशी जोडली. पुढे मुंबईची चव एका बाजूने आणि हैदराबादची चव दुसऱ्या बाजूने याच मार्गावरून येत राहिली.

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या पायाभूत सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील सुमारे ४० टक्के लोक शाकाहारी आहेत. तेलंगणात हेच प्रमाण जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे. बिलोलीसारखा तालुका या दोन आहारप्रदेशांच्या सीमेवर वसलेला आहे. म्हणूनच 'शाकाहारी' ही पाटी येथे अधिक अर्थपूर्ण ठरते.

या परिसरातील शाकाहार एकाच जातीचा किंवा एकाच पंथाचा नाही. जैन आणि लिंगायत समाज परंपरेने शाकाहारी आहेत. महानुभाव पंथाचा प्रभाव या भागात दीर्घकाळ आहे. त्याहून व्यापक अशी वारकऱ्यांची परंपरा आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेला माळकरी शेतकरी मांस-मद्य वर्ज्य करतो. त्याच्या घरातील इतर माणसे मांसाहारी असू शकतात. तीही श्रावणात, एकादशीला आणि ठरावीक वारी सामिष टाळतात. नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात शतकानुशतके लंगरची परंपरा असून तेथे शाकाहारी अन्न जातिधर्माचा भेद न करता एका पंगतीत दिले जाते. २००८ साली गुरुतागद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने शहराचा मोठा विकास झाला आणि यात्रेकरूंच्या वर्दळीबरोबर हॉटेल व्यवसायही विस्तारला.

येथे कच्च्या मालाचा मुद्दाही विचारात घ्यावा लागतो. सोयाबीन हे मूळचे चीनमधील पीक. गेल्या काही दशकांत ते मराठवाड्याचे प्रमुख खरीप पीक बनले असून लातूर ही त्याची मोठी बाजारपेठ आहे. परंतु येथील सोयाबीन मुख्यतः तेल आणि पेंड यांसाठी जाते. चायनीजच्या गाडीवरील सोया सॉसची बाटली बाहेरून येते. धर्माबादची मिरची बाजारपेठ सर्वदूर प्रसिद्ध आहे. १९९९ पर्यंत धर्माबाद हे बिलोली तालुक्याचाच भाग होते. शेजवान चटणीचे दोन मुख्य घटक मिरची आणि लसूण हेच आहेत. तरीही तयार चटणीच्या बरण्या मोठ्या शहरांतील कंपन्यांकडूनच येतात. मूळ सिचुआन चवीतील जिभेला झिणझिण्या आणणारे मिरे कोकणातील तिरफळाच्याच वनस्पतिकुलातील आहे, परंतु आपल्या शेजवान चटणीत ते सहसा नसते. म्हणजे ज्या घटकांसाठी मराठवाड्याचा शेतकरी राबतो, त्यांच्यावरील प्रक्रियेचे मोल त्याच्या हाती येत नाही. सोयाबीनच्या भावासाठी दरवर्षी चिंता करणाऱ्या प्रदेशात हा प्रश्न केवळ खाद्यसंस्कृतीचा राहत नाही.

१०. 'शुद्ध' या शब्दाचा इतिहास

शाकाहारी चायनीजच्या पाटीवरील 'शुद्ध' हा शब्द निरुपद्रवी दिसतो. परंतु त्याला इतिहास आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेल्या फाहियान या चिनी भिक्षूने मध्यदेशातील लोक प्राणिहत्या करीत नाहीत, मद्य पीत नाहीत आणि कांदा-लसूण खात नाहीत, असे नोंदविले. त्याच ठिकाणी त्याने याला अपवाद असलेल्या चांडाळांना वस्तीबाहेर राहावे लागते आणि नगरात येताना लाकूड वाजवून आपली चाहूल द्यावी लागते, असेही लिहिले. भारतीय शाकाहाराविषयीच्या या चिनी साक्षीतच बहिष्काराची साक्षही अंतर्भूत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात फाहियान आणि ह्युएन त्संग या दोन्ही चिनी प्रवाशांच्या साक्षींची चिकित्सा केली आणि आहारभेदाचा अस्पृश्यतेच्या उगमाशी असलेला संबंध मांडला.

स्वतंत्र भारताच्या घटनाकारांना हॉटेलाच्या दाराचे महत्त्व नेमके ठाऊक होते. म्हणूनच संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश करण्यास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून प्रतिबंध करता येणार नाही, असे स्पष्ट नमूद आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने त्यास दंडात्मक आधार दिला. तरीही ग्रामीण भागातील चहाच्या हॉटेलांत वेगळ्या कपबश्या ठेवण्याच्या प्रथेविरुद्ध दलित चळवळीला दीर्घकाळ झगडावे लागले.

या पार्श्वभूमीवर तालुक्याच्या गावातील चायनीजची गाडी हा नवा सामाजिक अवकाश आहे. या पदार्थावर कोणत्याही भारतीय जातीची पारंपरिक मालकी नाही. तो करण्याचा वंशपरंपरागत अधिकार कोणाकडे नाही. तो कोणी शिकावा आणि कोणी विकावा यास शास्त्राधार नाही. थोडे भांडवल, एक गाडी, तीव्र आचेची शेगडी आणि काही महिन्यांचा अनुभव एवढ्यावर भूमिहीन कुटुंबातील तरुणही हा व्यवसाय उभा करू शकतो. गाडीभोवती उभे राहून खाणारे तरुण एकमेकांची जात विचारीत नाहीत. जातिभेद यामुळे नष्ट झाला, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. कारण 'शाकाहारी' या शब्दाने पदार्थाची माहिती मिळते. 'शुद्ध' या शब्दाने मात्र न खाणाऱ्याची श्रेष्ठता सूचित होऊ शकते. माळकऱ्याला आपले व्रत पाळता यावे यासाठी पहिला शब्द पुरेसा आहे.

११. निष्कर्ष

१) चीनमध्ये बौद्ध धर्माच्या प्रभावाने समृद्ध शाकाहारी पाकपरंपरा विकसित झाली होती, मात्र भारतातील शाकाहारी चायनीज तिच्यापासून उत्पन्न झाले नसून मुंबई-कोलकात्यातील स्थलांतरित आचारी आणि भारतीय ग्राहक यांच्या व्यवहारातून घडले.

२) १९६२ नंतर चिनी समाजावर ओढवलेल्या संकटाची नोंद घेतल्याशिवाय चायनीज खाद्यसंस्कृतीचा इतिहास पूर्ण होत नाही.

३) उडुपी हॉटेलांच्या आधीच्या विश्वासार्हतेमुळे चायनीज पदार्थ शाकाहारी मध्यमवर्गापर्यंत आणि हातगाड्यांमुळे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. त्यामुळे निबंधाचे गृहीतक योग्य ठरते.

४) चांगल्या शाकाहारी चायनीजचा शोध हा मुख्यतः विश्वासाचा शोध आहे. रस, कढई आणि रंग यांविषयी ग्राहकाने मोकळेपणाने विचारावे आणि विक्रेत्याने खरे सांगावे, हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. घटकांची माहिती मराठीत फलकावर लिहिल्यास हा मार्ग अधिक सुकर होईल.

५) घातक रंगांवर बंदी आणि विक्रेत्यांना प्रशिक्षण हे धोरण पदार्थावरील सरसकट बंदीपेक्षा हितावह आहे.

६) सोयाबीन, मिरची आणि लसूण यांवर मराठवाड्यातच प्रक्रिया करणारे लघुउद्योग उभे राहिल्यास या खाद्यप्रकाराचा लाभ येथील शेतकऱ्यापर्यंत पोहोचू शकेल. महाविद्यालयांतील गृहविज्ञान, वाणिज्य आणि कृषी या विषयांच्या अध्यापकांनी एकत्रितपणे हाती घेण्याजोगा हा विषय आहे.

७) शाकाहार हा व्यक्तीच्या श्रद्धेचा आणि निवडीचा भाग म्हणून आदरास पात्र आहे. तो कोणाला दाराबाहेर ठेवण्याचे साधन बनू नये, ही दक्षता समाजाने घेणे आवश्यक आहे. नांदेडच्या लंगरने शाकाहार आणि समता एकाच पंगतीत बसू शकतात, हे फार पूर्वी दाखवून दिले आहे. चायनीजच्या गाडीलाही तो आदर्श दूरचा नाही.